उरलं तर काकणं

धंद्याबद्दल लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं, तेव्हा आधी हसूच आलं. मी मराठी सातवी झालेली कासारीण. जन्मभर बायकांचे हात धरले. लेखणी धरली ती घरी खुशालीचं पत्र लिहिण्यापुरती. पत्रात विचारलंय, आजवर किती बांगड्या भरल्या असतील. असले हिशेब पेन्शनवाल्यांनी करावेत. मी एवढंच सांगू शकते, की मालवणपासून तारकर्ली-देवबागपर्यंतच्या बायकांचे हात मला त्यांच्या तोंडांपेक्षा जास्त ओळखीचे होते. अजूनही एखाद्या लग्नात कोणी म्हातारी पुढे येऊन 'वळाखलंस काय गो माका?' म्हणाली, की माझी नजर पहिली तिच्या मनगटावर जाते आणि मग नाव आठवतं.

मालवणच्या बाजारात आमचं लहानसं दुकान होतं. दुकानात हे बसायचे आणि टोपली घेऊन गावं मी फिरायची. लोकांना ते उलटं वाटायचं. पण ह्यांचा हात जड. ह्यांनी भरायला घेतलं, की डझनातल्या दोन तरी फुटायच्या. बघा, लिहिता लिहिता तोंडातून गेलंच. आमच्या धंद्यात 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. बांगडी वाढते, कुंकू वाढतं, मंगळसूत्र वाढतं. नको ती गोष्ट घडली तरी तिला बरं नाव द्यायचं, ही बायकांची जुनी रीत आहे, आणि मला ती अजून पटते.

भरताना वाढलेली बांगडी कासाराच्या खाती. त्यामुळे हात ओळखणं म्हणजेच धंदा. हात पाण्याने ओला करायचा, अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, चारी बोटं जुळवायची आणि बाईला बोलण्यात गुंतवून काच हळूच वर चढवायची. बोलण्यात गुंतवणं फार महत्त्वाचं. मनात काही असलं की हात ताठरतो. भांडून आलेल्या बाईला मी कधी बांगड्या भरल्या नाहीत. आधी भांडण काय ते सगळं ऐकून घ्यायचे आणि मग टोपली उघडायचे. भरून झालं की लहान-मोठी कोणीही असो, ती कासारणीला वाकून नमस्कार करायची. माझ्या आईच्या वयाच्या बायका माझ्या पाया पडायच्या. सुरवातीला लाजायला व्हायचं, पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही आला.

आता मूळ मुद्द्यावर येते. बांगडी ही गरज आहे की चैन, ह्याचा निकाल कोणी लावलेला नाही. मोकळ्या हाताने सवाष्ण फिरत नाही, म्हणजे गरज. पण पैसे चुकते करण्याच्या रांगेत बांगडी सगळ्यांत शेवटी उभी, म्हणजे चैन. आमच्या किनाऱ्यावर त्या काळी बहुतेक घरांतला एक तरी पुरुष मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी छापखान्यात. घर चालायचं मनीऑर्डरीवर. तिथला पगार झाला की चार दिवसांनी पोस्टमन इथे दिसायचा. तो पुढच्या दाराने आत शिरला, की मागच्या दाराने पैसे बाहेर पडायला सुरवात. आधी वाणी. मग भात सडायची गिरण, घासलेट, शाळेची फी, कोणी आजारी असलं तर डॉक्टर, कधी शेतसारा, कधी देवळाची वर्गणी. हे सगळं भागेपर्यंत मी त्या गावाकडे फिरकत नसे. मनीऑर्डरीच्या दिवशी कासारीण दारात उभी राहिली, तर सासूच्या कपाळाला आठी पडते. चार दिवस जाऊ द्यायचे आणि मग जायचं.

खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, टोपली उतरवली, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "उरला काय गो?" पुढे पुढे तर बायका मला बघूनच उत्तर द्यायच्या. "उरला खंयचा, सरला." देवबागची एक म्हणायची, "उरला असता तर तुझी वाट कित्याक बघलंय असतंय, मीच नाय बाजारात इलंय असतंय?" पण ही देवबागचीच, नाही उरलं म्हणत म्हणत, पदराच्या गाठीतून काहीतरी काढायची. ज्या बाईचं खरोखरच काही उरलेलं नसे, ती बोलायचीच नाही. टोपलीतल्या रंगांवरून नुसती बोटं फिरवायची आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची. घरात किती उरलं हे मला बाईच्या बोलण्यावरून नाही, तिच्या गप्प बसण्यावरून कळायचं.

मे महिन्यात चाकरमानी यायचे. त्यांच्यातले हौशी बायकोसाठी मुंबईहून बांगड्या आणायचे, आणि त्या कधी चढायच्या नाहीत. माप हमखास लहान. वर्षभर भात कांडून, माडांना पाणी लावून हात रुंदावलेला असायचा आणि नवऱ्याच्या ध्यानात मात्र लग्नातला हात. मग ती बाई त्या बांगड्या घेऊन बदलायला माझ्याकडे यायची. मी बदलून द्यायची, थोडं नुकसान सोसूनही. पण पुष्कळजणी बदलायच्याच नाहीत. 'रवांदे', राहू दे, म्हणायच्या आणि तशाच कागदात गुंडाळून परत न्यायच्या.

काही बायका उरलेलं माझ्याकडे ठेवायला द्यायच्या. एकत्र घरात सुनेला स्वतःची अशी जागा नसते, आणि कासारणीकडे पैसे दिलेले बघून कोणाला संशय येत नाही. बांगड्यांचे पुठ्ठ्याचे डबे असतात मापाप्रमाणे. ज्या बाईचं जे माप, त्या मापाच्या रिकाम्या डब्यात तिचे पैसे. एका मापाच्या दोघी असल्या तर एकीचे चिंधीत बांधायचे. हे मला म्हणायचे, तू कासारीण की सावकारीण? मी म्हणायची, सावकार व्याज घेतो, मी नुसता जीवाला घोर घेते. आण्यांचे नवे पैसे झाले तेव्हा हा घोर फारच वाढला होता, कारण निम्म्या बायकांना वाटत होतं की सरकारने आपलं उरलेलं कमी केलं.

तर शेवंती. तारकर्लीची. सव्वादोनचा हात, लांब बोटं, भरताना कधी हूं की चूं नाही. लग्नाला चार वर्षं झालेली, घरात ती आणि विधवा सासू, भामाकाकी. नवरा गोविंद मुंबईला छापखान्यात, गावच्या मंडळींच्या खोलीवर राहायचा. वीसेक बाप्ये एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे. तिथे बायको नेणार कुठे? तो गणपतीला यायचा, कधी मेमध्ये आठ दिवस, आणि रजा संपली की जायचा. मूलबाळ नाही म्हणून आजूबाजूच्या बायका कुजबुजायच्या. शेवंती एकदा मला म्हणाली, ह्या बायकांना मोजायला कोणी सांगा, चार वर्षांतले आम्ही एकत्र राहिलो ते दिवस किती. त्यात हसण्यासारखं होतं आणि नव्हतंही.

तिला मुंबईला जायचं होतं. मुंबई बघायला नव्हे; एक उन्हाळा त्याच्याबरोबर राहायला. परळला तिच्या चुलत दिराची खोली होती. ते कुटुंब मेमध्ये गावी यायचं आणि शाळा सुरू होईपर्यंत खोलीला कुलूप. चुलत जाऊ म्हणाली होती, चावी देईन, ये. राहिलं फक्त बोटीचं भाडं, आणि हातखर्चाला थोडं. ते घरातून मागायची सोय नव्हती. मनीऑर्डर भामाकाकीच्या नावाने यायची आणि भामाकाकी पैन् पै जपून वापरणारी. पण अंड्यांचे, केरसुण्यांचे आणि महिन्याअखेर काकी हातावर ठेवायची ते, असं थोडं थोडं शेवंती माझ्याकडे द्यायला लागली. "वयनी, ह्या सव्वादोनात टाक," म्हणायची. दोन वर्षं हे चाललं होतं. मध्ये सासूचा खोकला आला, गोठ्यातला पाडा आजारी पडला, डबा भरायचा आणि रिता व्हायचा. एकदा तर चैत्रात सगळं जमलं आणि वादळात छपराचे नळे उडाले.

आमच्याकडे ह्या बाबतीत एक रीत होती, ती सांगायला हवी. महिन्याची मनीऑर्डर आईच्या नावाने येते. पण चैत्र-वैशाखात, बोटी बंद व्हायच्या आधी, कधी कधी वेगळीच एक मनीऑर्डर यायची, भलत्या तारखेला आणि बायकोच्या नावाने. तिचा अर्थ एकच. भाड्याचे पैसे आहेत, बायकोला पाठवा. ह्याला 'बोलवणं' म्हणायचे. मुलगा आईला पत्रात 'बायकोला धाड' असं लिहायला लाजतो, म्हणून ही वाट. बोलवणं आलं की सासू कितीही खट असो, अडवायची नाही. ज्या घरी बोलवणं यायचं त्या घरची सून त्या दिवशी विहिरीवर उगाच दोनदा पाण्याला जायची.

त्या वर्षी शेवंतीचा डबा चैत्रातच भरला. मी तिला सांगितलं, की आता कुठे जाऊ देऊ नकोस, वैशाखातली बोट धर. घरी काय सांगायचं, हे ती अजून ठरवत होती. तेवढ्यात मुंबईहून त्यांच्या वाडीतला बाबल्या आला. त्याने कोणाच्या तरी ओसरीवर सहज सांगितलं, की गोविंदाने रात्रीची खानावळ सोडलीय. आईचा खोकला निघाल्यापासून घरी जास्त पाठवतो, मग रात्री चहा-पाव खातो आणि पाणी पिऊन झोपतो. बाबल्याला वाटलं तो मित्राचं कौतुक सांगतोय. शेवंती दाराआड उभी होती.

पुढच्या फेरीला मी तारकर्लीला गेले तर ती वाटेवरच थांबलेली. म्हणाली, माझे पैसे काढून द्या, मला मुंबईला धाडायचे आहेत. मी समजावलं. म्हटलं, अगो, दोन वर्षं जमवलंस, आता बोटी बंद व्हायला महिना राहिलाय. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेंच्या पोटातला काढून मी बोटीचा भाडा जमवलंय, वयनी. आता ताच भाडा भरून तेंच्यासमोर जावन उभी रवू?"

 उरलं काय, उरलं काय, असं मी जन्मभर विचारत फिरले. ते उरतं कोणाच्या ताटातलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. त्या दिवशी मी टोपली न उघडता परत आले.

सोमवारच्या बाजाराला शेवंती केरसुण्या विकायला म्हणून मालवणला आली आणि आम्ही पोस्टाकडे गेलो. पोस्टाच्या बाहेर दत्तारामकाका बसायचे, पत्रं आणि फॉर्म लिहून द्यायला. माणूस सरळ आणि अक्षर मोत्यासारखं. उभं आयुष्य त्यांनी मुंबईला एका पोस्टाबाहेर आमच्या चाकरमान्यांचे मनीऑर्डरीचे फॉर्म भरण्यात काढलं होतं. डोळे कमी झाल्यावर गावी येऊन इथल्या पायरीवर बसले. आम्ही पायरीजवळ पोचलो आणि मला मेढ्यातल्या एका गिऱ्हाइकाने हाक मारली. लग्नाचा चुडा होता, सोडणार कशी? शेवंतीला म्हटलं, तू काकांना सांग, मी आलेच.

पुढे काय झालं ते काकांनी मला नंतर डोक्याला हात लावून सांगितलं. त्यांनी विचारलं, नाव? ती म्हणाली, शेवंती. पैसे कोणाचे? आता नवऱ्याचं नाव ती घेणार नाही. आमच्यापैकी कोणीच घेतलं नसतं, मी आजही घेत नाही, ह्या लेखात बघा 'हे' आणि 'ह्यांचा' ह्यापलीकडे काही सापडणार नाही. ती म्हणाली, "घरचे आसत, मुंबयक," म्हणजे नवरा मुंबईला असतो, आणि पत्ता लिहिलेलं त्याचं जुनं पाकीट पुढे केलं, आणि पैसे. काकांच्या हाताला एकच वाट ठाऊक. धाडणारा मुंबईचा, घेणारी गावची. पाकिटावरून त्यांनी गोविंदाचं नाव आणि पत्ता धाडणाऱ्याच्या जागी लिहिला आणि शेवंतीचं नाव, मुक्काम तारकर्ली, घेणाऱ्याच्या जागी. खाली मजकूर काय लिहू, विचारलं. ती परपुरुषासमोर काय सांगणार? नको म्हणाली. खिडकीतल्या बाबूने पैसे घेतले आणि शिक्का मारला. मुंबईहून गावाकडे पैसे जाणं त्याच्याही डोळ्याला खटकायचं काही कारण नव्हतं. मी चुडा भरून आले तेव्हा शेवंती पायरीखाली उभी होती, हातात पावती घट्ट धरून. म्हणाली, आज ते पोटभर जेवतील. म्हणजे आज नाही, पोचल्यावर.

पाच-सहा दिवसांनी मी तारकर्लीला गेले तर घरातून तूप-गुळाचा वास. भामाकाकी चुलीपुढे लाडू वळत बसलेली. ही बाई, सांगते तुम्हाला, पाहुण्याला गूळ देताना खडा दोनदा बघायची. आणि आज ताटभर लाडू. मला बघताच म्हणाली, "ये गो. बोलवणा इला आमच्याकडे. गोविंदान बोलवल्यान तिका."

माझ्या ध्यानात काही येईना. काकीने सगळं सांगितलं. पोस्टमन भलत्या दिवशी आला, पैसे सुनेच्या नावाने, धाडणारा गोविंद. ह्याला दुसरं काय म्हणायचं? तिने लगेच शेजारच्या पोराकडून मुलाला पत्र लिहवलं, तुझं बोलवणं पोचलं, अमुक बोटीने पाठवते म्हणून. चुलत जावेकडे चावीचा निरोपही धाडला होता. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, सोलं, सगळी बोचकी ओटीवर बांधून तयार. मला म्हणाली, हातभर हिरवी काकणं भर तिला, चांगली भर.

शेवंती विहिरीवर होती. मी गेले तर रहाटाला धरून उभी, कळशी तशीच रिकामी. तोंड अर्धं हसरं, अर्धं रडकं.

"वयनी, माजेच पैशे माका इले," ती म्हणाली.

तिथेच मला सगळा उलगडा झाला. ती म्हणत होती, आता सासूला काय सांगू? खरं सांगितलं तर पैसे जमवत होते ते कळेल. गप्प बसले तर त्यांच्या जेवणाचे पैसे घेऊन मी बोटीत बसायचं? आणि ते काय म्हणतील, न बोलावता आली? मला त्या घडीला जे सुचलं ते मी बोलले, आणि माझ्या आयुष्यात मी जी चार शहाणपणाची वाक्यं बोलले असेन त्यातलं हे एक. म्हटलं, "गप रव आणि जा. तांदूळ काकीन दिल्यान, पीठ दिल्यान. थंय तेंका दोनव वेळ रांधून घाल. पैशे धाडून तू काय करणार होतंस? ताच ना?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग कळशी विहिरीत सोडली. त्या दिवशी मी तिला कोपराच्या थोडं खाली येतील इतकी काकणं भरली. एकही वाढली नाही. काकी पैसे द्यायला आली तर मी घेतले नाहीत. ती रागावली, मीही रागावले, आणि शेवटी पाच लाडवांवर मिटलं.

बोटीच्या दिवशी मी बंदरावर गेले होते. आमच्या बंदराला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून न्यायची. शेवंतीला बोचक्यांसकट पडावात बसवलं. सोबतीला वाडीतलं एक म्हातारं जोडपं होतं. पडाव सुटला तशी मी हात वर केला, पण तिने मागे बघितलंच नाही. ती बोटीकडे बघत होती. मला थोडं वाईट वाटलं आणि लगेच हसू आलं. चार वर्षं मागे बघून झालं होतं तिचं.

पुढचं सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. गोविंद तिला घ्यायला धक्क्यावर उभा होता. आईचं पत्र त्याला पोचलं होतं. आपण बोलावलं नाही हे त्याला ठाऊक, तरी 'मी बोलावलं नव्हतं' असं तो तिला कधी म्हणाला नाही. त्याला वाटलं असेल आईनेच काही जुळवलं. तिने त्याला खरं सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही. शाळा सुरू झाल्यावर चुलत जावेने तिला परत पाठवलं नाही, मध्ये पडदा लावून ठेवून घेतलं, आणि दोघं गणपतीला बरोबर आली. त्याच्या गालांवर मांस आलं होतं. तिचा हात मात्र थोडा मऊ झाला होता, पाव माप उतरला असेल.

आज ही सगळी घरं भरलेली आहेत. पोस्टमन बँकेची कागदं आणतो, काच कोणी घालत नाही, घातली तरी स्वतःच चढवतात. महिन्याचं सगळं भागून खूप उरतं, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण ओला केलेला हात गोष्टी सांगत दुसऱ्याच्या हातात द्यावा लागायचा, ते गेलं. मला त्याची फार आठवण येते. दुकान मुलाने मोबाइलचं केलंय. तिथे गर्दी असते, पण कोणी कोणाचा हात धरत नाही.

एक गोष्ट राहिली. ती शेवंती मुंबईला होती तेव्हाची, आषाढातली. पाऊस जरा उघडला म्हणून मी तारकर्लीला गेले होते. धंदा काही नव्हता, पण भामाकाकी एकटी होती. पायऱ्या शेवाळलेल्या, ती आत चुलीजवळ बसलेली. मी शेवंतीच्या खुशालीच्या गोष्टी सांगत होते. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "ते पैशे गोविंदाचे न्हय, ता माका तेवाच कळला."

 मी विचारलं, कसं कळलं?

"गोविंदो बोलवणारातलो न्हय. बापाशीवर गेलोहा तो." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. नवरा तिचा गिरणीत होता. गिरणीतच आजारी पडला आणि तिकडेच गेला. ती म्हणाली, माणूस चांगला होता, महिन्याच्या पैशांना एक दिवस उशीर नाही. "पण चैत इलो की मी दर वरसा पोस्टमनाची वाट बघीत बसलंय. बाकीच्यांका बोलवणा येय. माका कधी इला नाय. तेचा मन वायट नव्हता, गो. तेच्या ध्यानातच येवक नाय, असा करूचा असता म्हणान."

मी विचारलं, मग हे पैसे मुलाचे नाहीत हे ठाऊक असून तिला धाडलंत का?

"बोलवणा इला होता," ती म्हणाली. "कोणाचा ता मी कित्याक बघू?"

बाहेर पुन्हा सर आली. मला निघायचं होतं, पण तिने बसायला सांगितलं. मग म्हणाली, तू बंदरावर गेली होतीस ना, शेवंती पडावातून बोटीवर चढली कशी? मी सांगायला लागले. पडाव बोटीच्या अंगाला लावतात, वरून शिडी सोडतात, पडाव वर उचलला जातो तेव्हाच पाय टाकायचा, खलाशी वरून हात देतो. काकी नीट ऐकत होती. पाय उजवा आधी की डावा, विचारलं. बोचकं आधी वर देतात की आपण आधी चढायचं, तेही विचारलं. साठी उलटलेली बाई, पण उद्याचीच बोट धरायची असल्यासारखी एकेक गोष्ट मनात ठेवत होती. मी सगळं सांगितलं.

"आणि लुगडा भिजता काय गो?"

मी म्हटलं, "भिजता, काकी. निऱ्यांपर्यंत भिजता."

"भिजांदे," ती म्हणाली.